ओल्ड स्कूल रुनस्केपमध्ये भाव का चढतात, का पडतात, आणि आपला पैसा कसा सांभाळायचा

ओल्ड स्कूल रुनस्केप या ऑनलाइन गेमच्या आमच्या क्लॅन चॅटमध्ये (गटाच्या गप्पांत) दर आठवड्याला कोणीतरी टाकतंच की सगळं महाग झालंय, आता काही परवडत नाही, आणि त्याच चॅटमध्ये खाली दुसरा सांगत असतो की त्याने घेतलेल्या आर्मरचा भाव निम्म्यावर आला. दोघंही खरं बोलत असतात. एकाच गेममध्ये, एकाच महिन्यात या दोन्ही गोष्टी होतात, आणि त्या का होतात हे कळलं नाही की माणूस महिनाभर घासून जमवलेलं गोल्ड (गेममधली नाणी) एका खरेदीत घालवतो. माझ्या ओळखीतली कितीतरी पोरं हे करून गेम सोडून गेलीत, म्हणून हे नीट बसून लिहितोय.

सगळ्यात आधी एकच सवय लावून घ्या. भाव वाढलेला दिसला की लगेच महागाई म्हणायचं नाही, आधी विचारायचं की नाणं स्वस्त झालंय की वस्तू कमी पडतेय. नाणं स्वस्त झालं असेल तर बऱ्याच वस्तू थोड्याथोड्या वर जातात. वस्तू कमी पडत असेल तर ती एकटी जाते, आणि फार तर तिच्यासोबत तिचा कच्चा माल. दोन्हीत करायच्या गोष्टी अगदी उलट आहेत, पहिल्यात नुसती कॅश धरून बसणारा हळूहळू मरतो आणि दुसऱ्यात घाईने वस्तू घेणारा.

ज्यांना गेमचा इतिहास माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीने २००७ च्या ऑगस्टमधला जुना बॅकअप वापरून २२ फेब्रुवारी २०१३ ला हा गेम परत सुरू केला, २०१५ मध्ये त्यात ग्रँड एक्स्चेंज हा बाजार म्हणजे आपलं जीई आलं, २०१८ मध्ये मोबाईलवर आला. जीई आल्यापासून सगळ्या वर्ल्डमधले (सर्व्हरवरचे) जवळजवळ सगळे प्लेअर एकाच बाजारात घेतात-विकतात. त्यामुळे भाव ही कोणाची मर्जी राहिली नाही, पण गोंधळ मात्र खूप आहे.

गोल्ड येतं कुठून, जातं कुठे

टाकी डोळ्यासमोर आणा. वरून नळ चालू आहेत, खालून पाणी निघून जातंय. वरून जास्त आलं आणि खालून कमी गेलं की पातळी चढते, गोल्डची पातळी चढली की नाण्याची किंमत उतरते. बस, गेममधली महागाई एवढीच आहे, बाकी सगळं तपशील.

नळ कुठले? मॉन्स्टर मारल्यावर थेट पडणारी नाणी, चोरीच्या स्किलमध्ये खिसे कापून मिळणारी नाणी, एनपीसी म्हणजे गेमच्या स्वतःच्या पात्रांच्या दुकानात माल विकून मिळणारे पैसे, आणि सगळ्यात मोठ्या नळांपैकी एक म्हणजे हाय अल्च, वस्तूची नाणी करणारी जादू. मॅजिक स्किल ५५ ला गेलं की हा स्पेल मिळतो, एक नेचर रून आणि पाच फायर रून हे जादूचे दगड लागतात (फायर स्टाफ हातात असेल तर फायर रून वाचतात), आणि वस्तूच्या ठरलेल्या मूल्याच्या ६० टक्के नाणी हातात येतात. रून प्लेटबॉडीचं (रून धातूचं चिलखत) मूल्य ६५,००० आहे म्हणून अल्च केल्यावर ३९,००० मिळतात. ही ३९,००० नाणी कोणाच्या खिशातून आली नाहीत, ती नवीन तयार झाली, आणि प्लेटबॉडी जगातून कायमची गेली.

इथे एक गोष्ट बहुतेक लोक चुकीची समजतात आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. बॉस (मोठा मॉन्स्टर) मारून तुम्हाला ५० मिलचा (मिल म्हणजे १० लाख) ड्रॉप पडला आणि तुम्ही तो जीईवर विकला तर गेममध्ये एक नाणंसुद्धा वाढलं नाही, घेणाऱ्याचे पैसे तुमच्याकडे आले, उलट टॅक्स कापला गेला म्हणजे नाणी कमीच झाली. तोच बॉस जर रून आयटमचे ढीग टाकत असेल आणि लोक ते अल्च करत असतील तर मात्र नळ मोठा झाला. म्हणून नवीन बॉस आला की त्याचा भारी ड्रॉप किती मिलला जातोय हे सगळे बघतात, तुम्ही त्याचे साधे ड्रॉप बघा, नाणी किती आणि अल्च होणारा माल किती. महागाई तिथून येते.

पाणी निघून जायच्या वाटा पण बऱ्याच आहेत. घर बांधायच्या स्किलसाठी लाकडं सॉमिलवर नेली की एका महोगनी फळीमागे १,५०० नाणी द्यावी लागतात, ती जातात ती जातातच. ब्लास्ट फर्नेस (धातूची भट्टी) चालवायला तासाला ७२,००० लागतात. बॅरोजचं आर्मर झिजतं त्याची दुरुस्ती, मेल्यावर सामान सोडवायची फी, हे सगळं यातच येतं. पण आज ज्याचा तुमच्या रोजच्या व्यवहाराशी सगळ्यात जास्त संबंध आहे तो म्हणजे जीईचा टॅक्स.

डिसेंबर २०२१ मध्ये हा १ टक्क्याने सुरू झाला, मे २०२५ मध्ये २ टक्के झाला. देतो विकणारा. अपूर्णांक खाली उतरवतात म्हणून ५० नाण्यांच्या आतल्या वस्तूवर शून्य. एका वस्तूवर जास्तीत जास्त ५० लाख म्हणजे ५ मिल. बाँडवर (ज्याने गेमची पैसे भरून मिळणारी मेंबरशिप मिळते, खाली येतंच) आणि काही साध्या अवजारांवर टॅक्स नाही. आणि यातला मला मनापासून आवडलेला भाग असा की टॅक्समधून जमलेल्या गोल्डचा काही हिस्सा वापरून गेम स्वतः जीईवरून काही वस्तू विकत घेतो आणि नष्ट करतो. म्हणजे नाणीही कमी आणि जुन्या गिअरचा (हत्यारं, चिलखतं) साठाही कमी. बॉसच्या बहुतेक गिअरची मुख्य अडचण ही आहे की ते तुटत नाही, झिजत नाही, दहा वर्षांपूर्वी पडलेलं हत्यार आजही बाजारात आहे आणि रोज नवीन पडतायत, त्याला कुठेतरी वाट द्यायलाच हवी होती.

भाव वाचायचा कसा

जीईवर वस्तू निवडली की जो आकडा दिसतो तो गाइड प्राइस आहे, खरा भाव नाही. तो झालेल्या व्यवहारांवरून मागाहून बदलतो, त्यामुळे जोरात चढणाऱ्या किंवा पडणाऱ्या वस्तूत तो नेहमी मागे असतो. नवीन माणूस गाइड प्राइसला विकायला ठेवतो आणि दोन दिवस काही विकलं जात नाही, का, तर बाजार कधीच खाली गेलेला असतो.

खरा भाव दोन आकड्यांत असतो, लगेच घ्यायचा आणि लगेच विकायचा. बघायचा सोपा मार्ग म्हणजे ओल्ड स्कूल रुनस्केप विकीचं रिअल टाइम प्राइसेसचं पान, तिथे दोन्ही भाव दिसतात, शेवटचा व्यवहार कधी झाला ते दिसतं आणि किती माल फिरतोय ते पण दिसतं. स्वतः तपासायचं असेल तर एक नग मुद्दाम जास्त भावाने घ्यायला टाका, तुम्ही कितीही लिहिलं तरी आधीपासून सगळ्यात कमीला विकायला बसलेल्याचाच भाव लागतो, उरलेले पैसे परत येतात. मग तोच नग मुद्दाम कमी भावाला विकायला टाका, तेव्हा आधीपासून सगळ्यात जास्त देणाऱ्याचा भाव मिळतो. ज्याची ऑफर आधी लागलेली त्याचा भाव चालतो, हा जीईचा नियम आहे. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे मार्जिन.

आता मार्जिन दिसलं की लगेच उडी मारू नका, टॅक्स काढा. १,००,००० ला घेतलं, १,०२,००० ला विकलं, वाटतं २,००० सुटले. टॅक्स २,०४०, हातात ९९,९६०, म्हणजे ४० चा तोटा. नुसतं बरोबरीत यायला १,०२,०४० ला विकावं लागतं. खरेदीचा भाव ०.९८ ने भागा, अपूर्णांक सोडून जे येईल त्याच्या खाली विकलं की तोटा, हा एक हिशोब पाठ असू द्या. उलट १ बिलच्या (१,००० मिल) वस्तूवर, उदाहरणार्थ ट्विस्टेड बो हे धनुष्य बराच काळ त्याच्या वर विकला गेलाय, टॅक्स ५ मिललाच थांबतो, म्हणजे अर्धा टक्का. २५० मिलच्या वर गेलं की टॅक्सची टक्केवारी उतरत जाते, त्यामुळे मोठ्या पैशावाल्याला फ्लिप करणं (घेऊन लगेच विकणं) स्वस्त पडतं. मला हे बरोबर वाटत नाही, कमाल मर्यादा वाढवायला हवी, पण आहे ते असं आहे.

प्रत्येक वस्तूला दर ४ तासांची खरेदीची मर्यादा असते हे पण लक्षात ठेवा, रून प्लेटबॉडी ४ तासांत ७० च मिळतात. फ्री प्लेअरला जीईचे ३ स्लॉट (एकावेळी चालणाऱ्या ऑफर), मेंबरला ८. यामुळे एकटा माणूस एका झटक्यात सगळा बाजार उचलू शकत नाही, आणि यामुळेच मार्जिन बघून "तासाला इतके मिल" असा जो हिशोब लोक सांगतात तो बहुतेक वेळा खोटा ठरतो, कारण तेवढा माल मिळतच नाही.

आपली टोपली बनवा

महागाई आहे की नाही हे चॅटवरून ठरवू नका, स्वतः मोजा, आठवड्याला दहा मिनिटं लागतात. दहा-बारा वस्तू ठरवा, ही तुमची टोपली, आणि त्या बदलायच्या नाहीत. मी सुचवेन की वापरून संपणाऱ्या वस्तू जास्त घ्या, शार्क, प्रेयर पोशन, ड्रॅगन बोन्स, नेचर रून, कोळसा, यू लॉग, मॅजिक लॉग, महोगनी प्लँक, आणि सोबत एक-दोन हत्यारं, अॅबिसल व्हिप चालेल. बाँड वेगळ्या रकान्यात. दर रविवारी ठरलेल्या वेळी विकीवरचे दोन्ही भाव बघून मधला आकडा शीटमध्ये टाका. महिन्याने प्रत्येक वस्तू किती टक्के बदलली ते काढा, मग सगळे टक्के चढत्या क्रमाने लावा आणि मधोमध येणारा घ्या. सरासरी घेऊ नका, एखादी वस्तू अपडेटमुळे दुप्पट झाली की सरासरी वेडीवाकडी होते आणि तुम्हाला वाटतं सगळंच चढलं.

समजा मधला आकडा अधिक ३ टक्के आला आणि बहुतेक वस्तू अधिकमध्येच आहेत, तर नाणं स्वस्त होतंय असं म्हणायला जागा आहे. मधला आकडा शून्याच्या आसपास आणि फक्त ड्रॅगन बोन्स २५ टक्के वर, तर तो बोन्सचा मामला आहे, बोन्स कुठून येतात, तिथे काय बदललं, बॉट (आपोआप खेळणारे प्रोग्राम) बॅन झाले का ते शोधा. बॉट हा या हिशोबात फार मोठा भाग आहे, कच्चा माल त्यांच्यामुळे पडतो आणि मोठा बॅन झाला की तोच माल अचानक वर येतो, याला महागाई म्हणत नाहीत.

रून प्लेटबॉडी टोपलीत घालू नका, तिचं काम वेगळं आहे. तिचं अल्चचं मूल्य ३९,००० ला खिळलेलं आहे, तिचा भाव फार खाली गेला तर लोक उचलून अल्च करतात, त्यामुळे तो त्याच्या आसपास नेचर रूनची किंमत वजा होऊन अडकून राहतो. यू लाँगबो अल्चला ७६८, मॅजिक लाँगबो १,५३६, यांचं पण तेच. म्हणजे या वस्तू जवळजवळ कॅशच आहेत. बाकी सगळं दुप्पट झालं तरी त्या तिथेच राहणार. त्यामुळे कोणी म्हणालं की अल्च होणारा माल भरून ठेव, भाव पडणार नाही, तर त्याचं अर्धंच बरोबर आहे, पडणार नाही पण वाढणार पण नाही, महागाईत तो कॅशसारखाच झिजतो.

पैसा कशात ठेवायचा

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. कॅश झिजते असं ऐकलं की सगळं गोल्ड एका भारी हत्यारात टाकतात. पण हत्याराच्या मागे रोजचा पुरवठा असतो. जे हत्यार पडत राहतं आणि कधी नष्ट होत नाही त्याचा भाव वर्षानुवर्षं खाली सरकण्याकडेच कल असतो, वर त्याच जागेसाठी जॅगेक्सने नवीन, अजून भारी हत्यार आणलं की मागणी एका दिवसात जाते. म्हणून घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: हे पडतं किती, संपतं कशात, आणि याच्या वरचं काही येणार आहे का.

व्हिपचंच बघा. तो अॅबिसल डेमनकडून पडतो, त्याला मारायला स्लेयर स्किल ८५ लागतं, ड्रॉप ५१२ मध्ये १. नुसतं बघितलं तर पुरवठा सतत आहे आणि हत्यार तुटत नाही, भाव पडतच जायला हवा. पण क्रेकन टेंटॅकल लावून त्याचं अॅबिसल टेंटॅकल करता येतं, आणि १०,००० वार झाले की व्हिप नाहीसा होतो, टेंटॅकल परत मिळतं. म्हणजे व्हिप झिजून संपायची वाट गेममध्येच आहे, आणि त्यामुळे त्याच्या भावाला खालून थोडा आधार मिळतो. अशी वाट ज्या गिअरला नाही त्यात दोन-तीन वर्षांसाठी पैसा अडकवताना दहा वेळा विचार करा.

माझं मत विचाराल तर नवीन प्लेअरने जे रोज वापरणार आहे तेच गिअर घ्यावं, कारण ते वापरून जास्त कमाई होते आणि मधल्या काळात भाव ५-१० टक्के पडला तरी वसूल होतो. जे वापरायचं नाही ते "इन्व्हेस्टमेंट" म्हणून घेऊ नये. आणि थोडी कॅश कायम हातात असावी, एकूण बँकेचा (गेममधला सगळा साठा) पाचवा हिस्सा तरी, अपडेटनंतर घाबरून लोक माल डंप करतात तेव्हा ती कामाला येते. दुसऱ्या बाजूला ज्यांच्याकडे खूपच आहे त्यांच्यासाठी एवढंच की नाण्यांचा एक ढीग २,१४,७४,८३,६४७ च्या वर जात नाही, पुढचं प्लॅटिनम टोकनमध्ये ठेवायचं, एक टोकन म्हणजे १,००० नाणी.

मूळ रुनस्केपमधल्या पार्टी हॅटचं उदाहरण देऊन कोणी तुम्हाला पटवायला आलं तर त्यात फसू नका. २००१ च्या ख्रिसमसला त्या वाटल्या गेल्या आणि नंतर परत कधी आल्या नाहीत, म्हणून त्यांचा भाव नाण्यांच्या त्या एका ढिगाच्या मर्यादेच्याही पलीकडे गेला. ओल्ड स्कूलमध्ये तुम्ही विकत घेताय त्या बहुतेक सगळ्या वस्तू आज संध्याकाळी पण कुणाला तरी पडणार आहेत.

बुधवार आणि पोल

अपडेट सहसा बुधवारी येतो, इंग्लंडमध्ये दुपारच्या आधी म्हणजे आपल्याकडे ४-५ वाजता. त्या दिवशी दुपारी २ ते रात्रीपर्यंत मोठी खरेदी करू नका, भाव सगळीकडे उड्या मारत असतात, दुसऱ्या दिवशी बसतात. मोठे बदल आधी पोलला म्हणजे प्लेअरच्या मतदानाला जातात, पास व्हायला ७० टक्के मतं लागतात (आधी ७५ लागायची), आणि पोलच्या आधी जॅगेक्सच्या ब्लॉगमध्ये सगळं लिहून येतं. तो ब्लॉग वाचणं ही भावाबद्दलची सगळ्यात चांगली फुकट माहिती आहे. कुठल्या स्किलला कुठला कच्चा माल लागणार, कुठलं जुनं हत्यार कमजोर होणार, सगळं तिथे असतं. फक्त हे समजून घ्या की ब्लॉग आला त्या तासाला अर्धा भाव चढून झालेला असतो, आणि अपडेट प्रत्यक्ष आला त्या दिवशी साठवून ठेवणारे सगळे एकदम विकायला काढतात. म्हणून बातमीवर घेतलं असेल तर अपडेटच्या एक-दोन दिवस आधी विका, शेवटचा रुपया काढायच्या नादाला लागू नका.

ज्या वस्तूचा दिवसाला फार कमी व्यवहार होतो आणि ती कुठलीही बातमी नसताना अचानक ३०-४० टक्के चढते तिच्यापासून लांब राहा. बहुतेक वेळा काही लोकांनी आधी गोळा करून ठेवलेली असते आणि आता "हे चढणारे, लवकर घ्या" म्हणून सगळीकडे सांगत असतात, तुम्ही घेता ते त्यांचंच असतं. विकीवरचा व्हॉल्यूम (किती माल फिरतोय) बघितला की लगेच कळतं. जो कोणी पैसे दुप्पट करून देतो म्हणतो त्याच्याबद्दल तर लिहायची पण गरज नसावी, पण अजूनही लोक देतात, म्हणून लिहितो, देऊ नका.

बाँड

बाँड म्हणजे १४ दिवसांची मेंबरशिप, कोणीतरी खऱ्या पैशाने घेतो आणि जीईवर गोल्डला विकतो. २०१५ मध्ये आला तेव्हा दोन-तीन मिलच्या घरात होता, नंतर १० मिलच्या पुढे गेला. हा चढ नुसत्या नाण्याच्या महागाईचा नाही, मेंबरशिपची खरी किंमत पण वाढली, आणि गोल्डवर मेंबरशिप चालवणारे पण वाढले. म्हणून बाँड टोपलीत न घालता वेगळा ठेवायचा. टोपली जागेवर आणि बाँड वर असेल तर गेममध्ये महागाई नाही, मेंबरशिप महाग झालीय एवढंच.

बाँडवर टॅक्स नाही म्हणून त्यात फ्लिप करू असं वाटतं, पण एकदा जीईवरून घेतला की तो परत विकता येत नाही, विकण्याजोगा करायला भावाच्या १० टक्के भरावे लागतात, आणि ते गोल्ड पण जगातून जातं. तेव्हा वापरायचाय तेव्हाच घ्यायचा.

घेण्याआधी हिशोब करा. समजा बाँड १४ मिलला आहे आणि तुमची खरी कमाई, यूट्यूबवर सांगतात ती नाही, स्वतः मोजलेली, तासाला १ मिल आहे, तर १४ दिवसांत १४ तास म्हणजे रोजचा एक तास फक्त मेंबरशिपसाठी. रोज तीन तास खेळणाऱ्याला चालेल. कॉलेज किंवा नोकरी सांभाळून रोज तासभरच मिळत असेल तर तुम्ही फक्त भाडं भरताय, अशा वेळी थेट पैसे भरून मेंबरशिप घेतलेली बरी, किंवा कमाई तासाला २ मिलपर्यंत जाईल असं गिअर आधी घ्या आणि मग बाँडकडे वळा. बाहेरच्या साइटवरून गोल्ड विकत घेण्याचा रस्ता मात्र पूर्ण बंद समजा, नियमांत बसत नाही, अकाउंट बॅन होतं आणि ते गोल्ड बरेचदा बॉटने किंवा दुसऱ्याचं अकाउंट हॅक करून आलेलं असतं.

शीट सुरू करताना एक रकाना स्वतःच्या तासाच्या कमाईचा पण ठेवा, आणि महिन्याअखेरीला टोपलीचा बदल आणि कमाईचा बदल शेजारी शेजारी बघा. भाव ५ टक्के चढले आणि तुमची तासाची कमाई ८ टक्के चढली असेल तर तुम्हाला गेम स्वस्तच झालाय, मग चॅटमध्ये कोणी काही म्हणो.